रणदिवेबाईंचे उंदीर

१९७९ सालचा पावसाळा मला लोकलच्या खिडकीतूनच आठवतो. आईच्या छातीत गाठ निघाली होती आणि तिला घेऊन मी डोंबिवलीहून परळला, टाटा हॉस्पिटलात जात असे. सकाळची धीमी गाडी, बायकांच्या डब्यात आईला खिडकीशी जागा मिळवायची धडपड, मुंब्रा आलं की डोंगरावरच्या देवीला तिने जोडलेले हात, आणि मग परळ येईपर्यंत दोघींनी मुकाट्याने बसून राहणं. डब्यात भाजी निवडणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या बायका असत. त्यातली एखादी आईचा उतरलेला चेहरा पाहून चौकशी करी. बहिणीकडे चाललेय, असं आई सांगायची. कॅन्सर हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. उच्चारलाच तर आवाज आपोआप खाली जायचा.

हॉस्पिटलात आमचा नंबर लागेपर्यंत बराच वेळ असे. त्याच परिसरात कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट होती. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, शाळेत नुकती विज्ञान शिकवायला लागलेली. तरी त्या संस्थेत काय चालतं हे जाणून घ्यावंसं मला कधी वाटलं नाही. हे मलाच का झालं आणि आता माझ्या मुलींना होईल का, हे दोन प्रश्न आईच्या मनात रात्रंदिवस होते. तेच प्रश्न हाती घेऊन एका मराठी बाईंनी तिथे उमेदीची वर्षं उंदरांच्या सहवासात काढली होती, हे मला कळायला पुढे खूप वर्षं जावी लागली.

त्या बाई म्हणजे डॉ. कमल रणदिवे. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. ८ नोव्हेंबर २०२१ ला, त्यांच्या एकशे चाराव्या वाढदिवशी, गूगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं आणि नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं. माझ्या भाचीने ते चित्र मला मोबाइलवर पाठवलं आणि खाली विचारलं, मावशी, तुला या माहीत होत्या का? माहीत होत्या. त्यांच्या कामाचा एक तुकडा अर्धवट वाचून मी आमच्या घरात जे करून बसले होते, ते या भाचीला माहीत नव्हतं. म्हणून हा लेख. आधी रणदिवेबाईंविषयी सांगते, मग माझ्याविषयी.

०००

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यातला, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलांनी, आणि मुलींनीही, भरपूर शिकावं हा त्यांचा आग्रह. कमल हुजूरपागेत शिकली. तिने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्हींतलं काहीच ऐकलं नाही. फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात ती एम.एस्सी.चा अभ्यास करू लागली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. सीताफळ, रामफळ ही आपण चमच्याने खायची फळं; या मुलीने त्यांच्या पेशींत डोकावून गुणसूत्रं मोजली. १९४३ साली एम.एस्सी. झाली. तोवर १३ मे १९३९ ला तिचं लग्न होऊन ती कमल रणदिवे झाली होती. पती जे. टी. रणदिवे गणिताचे. पत्नीच्या पुढच्या अभ्यासात त्यांनी मदत केली, ही त्या काळात लिहून ठेवावी अशीच गोष्ट.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं होतं आणि तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात ते. कुणाला कोणता कॅन्सर होतो, एका समाजात जास्त आणि दुसऱ्यात कमी का, या कोड्यांनी खानोलकरांना झपाटलेलं होतं. त्यांच्या हाताखाली रणदिवेबाईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. सीताफळाची गुणसूत्रं मागे पडली आणि उंदीर पुढे आले.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याच्या तंत्रातला हा मोठा माणूस. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून घेतलेल्या आणि आजतागायत जगभर वाढत असलेल्या हेला पेशी १९५१ साली गे यांच्याच प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढल्या. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी आपण त्यांना गमावलं. कल्याण-डोंबिवलीत आनंदीबाईंचं नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी त्याच देशातून विद्या घेऊन परतलेली ही दुसरी मराठी बाई मात्र आमच्या शाळेच्या पुस्तकांत कधी नव्हती.

परतून आल्यावर त्यांनी मुंबईत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर १९५२ साली निघालं होतं. तिथे प्रायोगिक जीवशास्त्राचा विभाग त्यांनी घडवला. पेशी वाढवायला जे पोषक द्रव लागतात, तेही इथल्या इथे तयार करण्याची घडी बसवली. १९६६ साली ही संस्था आणि टाटा हॉस्पिटल एका छत्राखाली आली. १९६६ ते १९७० रणदिवेबाई संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या.

०००

आता उंदरांकडे येऊ. आपलं उंदराशी नातं मोठं गमतीचं. गणपतीत आपण मूषकासमोरही मोदक ठेवतो आणि भाद्रपद सरला की स्वयंपाकघरात पिंजरा लावतो. प्रयोगशाळेतल्या उंदराचं महत्त्व मात्र त्याच्या घराण्यात असतं. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते, पिल्लं आणखी तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि दोन महिन्यांच्या आत स्वतः आईबाप व्हायला तयार होतात. माणसाच्या चार पिढ्या पाहायला शंभर वर्षं लागतील. उंदराच्या चार पिढ्या एका वर्षात नजरेखालून जातात.

आपण सगोत्र विवाहसुद्धा टाळतो. तिथे सख्ख्या भावाबहिणींची जोडी वीस पिढ्या सलग लावतात. वीस पिढ्यांनंतर त्या घराण्यातले सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. मग एकाला आजार झाला आणि दुसऱ्याला नाही, तर फरक रक्ताचा नसून खाण्यापिण्याचा, औषधाचा किंवा संसर्गाचा, हे खात्रीने म्हणता येतं. क्लॅरेन्स लिटल या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने १९०९ मध्ये अशा पहिल्या घराण्याला सुरुवात केली. यासाठी पिंजऱ्यापिंजऱ्याची नोंद लागते. कुणाची आई कोण, आजी कोण, किती पिल्लं झाली, कोणत्या वयात गाठ आली. त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्यांच्या नोंदी असतात, तशाच या वह्या. एक चूक झाली, एक पिल्लू चुकीच्या पिंजऱ्यात गेलं, की वर्षांची मेहनत वाया. परळच्या त्या प्रयोगशाळेत हे काम वर्षानुवर्षं चाललं होतं. संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी या नावाने ओळखलं जाणारं उंदरांचं एक घराणं तिथेच तयार झालं.

रणदिवेबाईंचा मुख्य प्रश्न स्तनांच्या कॅन्सरचा होता. काही घराण्यांतल्या बहुतेक उंदरिणींना वय झालं की गाठ येई. काही घराण्यांत क्वचितच. दोन घराण्यांत नेमका फरक काय? पॅरिसच्या अँटोनी लाकासान यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं होतं की स्त्रीसंप्रेरक टोचलं, तर अशा घराण्यातल्या नर उंदरालाही स्तनाची गाठ होते. म्हणजे संप्रेरकं आली. घराण्याघराण्यांत फरक म्हणजे आनुवंशिकता आली. आणि १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी तिसरीच गोष्ट पुढे आणली. गाठी येणाऱ्या घराण्यातली नवजात पिल्लं त्यांनी लगेच आईपासून काढून निरोगी घराण्यातल्या दाईच्या कुशीत दिली. त्या पिल्लांमधल्या माद्या मोठ्या झाल्यावर त्यांच्यातलं कॅन्सरचं प्रमाण एकदम खाली आलं. रक्त तेच, दूध दुसरं. रोगाचं काहीतरी बीज आईच्या दुधातून जात होतं. तो विषाणू निघाला.

या तीन धाग्यांचा गुंता सोडवणं हे रणदिवेबाईंच्या कामाचं गाभ्याचं सूत्र. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांच्यातलं एकेकटं कुणी गुन्हेगार नसतं. तिघांच्या देवाणघेवाणीतून गाठ तयार होते, हे ओळखणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत त्या होत्या. रक्ताचा कॅन्सर, अन्ननलिकेचा कॅन्सर यांवरही त्यांनी प्राण्यांमध्ये काम केलं. दोनशेच्या वर शोधनिबंध लिहिले. कुष्ठरोग्यांच्या गाठींतून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचा निबंध १९५८ साली डॉ. बापट, रणदिवेबाई आणि खानोलकर यांच्या नावे आला. त्या जंतूपासून पुढे कुष्ठरोगावरची लस तयार करून तिच्या चाचण्या झाल्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

०००

आता माझी गोष्ट. आई १९८२ मध्ये गेली. दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण बाळंतपणाला डोंबिवलीला माझ्याकडे आली. त्याच दिवसांत मी कुठल्याशा मासिकात उंदरांच्या दुधातल्या या विषाणूविषयी वाचलं. १९७१ साली नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात डॅन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला होता, आणि त्या सहकाऱ्यांत मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट होत्या, हेही त्यात होतं. मुंबईच्या पारशी समाजातल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त. त्यांच्यातल्या काहींच्या दुधात त्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले होते. दिसणारे, इतकंच. माणसात असा विषाणू दुधातून जाऊन कॅन्सर करतो हे त्यातून सिद्ध झालेलं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. पण मी तेवढं नीट वाचलंच नाही. उंदीर, दूध, कॅन्सर, आणि आमची आई. माझ्या डोक्यात चार शब्दांची बेरीज झाली.

बारसं झालं होतं. बहिणीच्या सासरची मंडळी आलेली, बाहेरच्या खोलीत चहा चालला होता. सगळ्यांसमोर मी विज्ञानाच्या बाईच्या थाटात सांगितलं की आमच्याकडे हा आजार आहे, तेव्हा बाळाला अंगावर पाजू नये, हे आता शास्त्राने सांगितलंय. खोलीत शांतता पसरली. त्या दिवसापासून दुधाच्या पावडरचे डबे सुरू झाले. बहिणीला पान्हा फुटत होता, ती रात्री मागच्या खोलीत बसून रडायची. मला वाटलं, बाळाच्या भल्यासाठी हे सोसायला हवं.

खरी स्थिती उलट होती. २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ३० देशांतल्या ४७ पाहण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सर झालेल्या पन्नास हजारांवर आणि न झालेल्या शहाण्णव हजारांवर स्त्रियांची माहिती होती. दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. जी गोष्ट आईला थोडं का होईना राखते, तीच मी भीतीपोटी हिरावून घेतली होती.

२००९ साली बहिणीच्या छातीत गाठ निघाली.

मी अंगावर पाजू दिलं असतं, तर ती निघाली नसती का? हे कुणीच सांगू शकत नाही. टक्केवारी हजारो बायकांची असते. एका बाईच्या बाबतीत ती होय किंवा नाही असं उत्तर देत नाही. विज्ञान शिकवणारीला हे कळतं. मोठ्या बहिणीला ते रात्री झोपू देत नाही.

०००

बहीण वाचली. कशामुळे वाचली हे सांगायला पुन्हा उंदरांकडेच जावं लागतं.

रणदिवेबाईंच्या पिढीला उंदराचं घराणं जसं मिळेल तसं निवडून, जोड्या लावून तयार करावं लागे. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीला नवा खेळ सुरू झाला. १९७४ मध्ये रुडॉल्फ येनिश आणि बिआट्रिस मिंट्झ यांनी उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भात विषाणूचा डीएनए सोडला आणि तो वाढलेल्या उंदराच्या शरीरात सापडला. पुढे नुकत्या फळलेल्या बीजांडात केसाहून बारीक सुईने हवं ते जनुक सोडता येऊ लागलं. १९८२ मध्ये घुशीच्या जातीतल्या मोठ्या उंदराचं वाढीचं जनुक घातलेले लहान उंदीर भावंडांच्या जवळजवळ दुप्पट वाढले आणि जगभर त्यांचे फोटो छापून आले.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटतं ते १९८४ च्या प्रयोगाचं. हार्वर्डच्या फिलिप लेडर आणि सहकाऱ्यांना कॅन्सरला चालना देणारं एक जनुक उंदराच्या स्तनग्रंथीतच चालू करायचं होतं. त्यासाठी बटण हवं होतं. ते बटण त्यांनी त्याच जुन्या दुधातल्या विषाणूकडून घेतलं. बिटनरने ज्याचा माग काढला आणि रणदिवेबाईंनी ज्याच्यामागे वर्षं घालवली, तोच विषाणू. त्याच्या डीएनएचा एक तुकडा स्तनग्रंथीत संप्रेरकांच्या इशाऱ्यावर जागा होतो. तो तुकडा जनुकाच्या पुढे जोडला आणि उंदरिणींना गाठी आल्या. १९८८ मध्ये अमेरिकेत या उंदराचं पेटंट दिलं गेलं, प्राण्यावरचं जगातलं पहिलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तसं पेटंट नाकारलं. सजीव कुणाच्या मालकीचा असू शकतो का, हा वाद आजही मिटलेला नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला एखादं ठरावीक जनुक बंद पाडलेले उंदीर जन्माला आले. त्या तंत्रासाठी कापेची, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. आता क्रिस्पर नावाच्या रेणवीय कात्रीने तेच काम काही आठवड्यांत होतं. २०१३ मध्ये येनिश यांच्याच प्रयोगशाळेने एका दमात अनेक जनुकं बदललेले उंदीर तयार केले. ज्या कामाला रणदिवेबाईंना वीस पिढ्यांच्या वह्या लागत, त्यातलं काही आज एका मोसमात उरकतं. पण ही कात्री चालवायची ती वह्यांतून आलेल्या, वंशावळ पक्की असलेल्या उंदरांवरच. पाया जुनाच आहे.

बहिणीच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त होतं. या जनुकाचा भाऊबंद पहिल्यांदा सापडला तो उंदराच्या गाठीत. त्यावरचं औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. उंदराच्या शरीरात तयार झालेलं प्रतिपिंड घेऊन, जनुकीय अभियांत्रिकीने त्याचा बराचसा भाग माणसाचा करून ते बनवलं आहे. दर तीन आठवड्यांनी एक, अशी वर्षभर ती इंजेक्शनं. आमच्या मेव्हण्यांनी ठेवी मोडल्या, मी प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घातले. बहीण आज ठणठणीत आहे, पहाटे फिरायला जाते.

तरी उंदीर म्हणजे माणूस नाही, हा धडाही उंदरांनीच दिला. बीआरसीए-वन या जनुकात दोष असला तर स्त्रीला स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका फार वाढतो. हे जनुक १९९४ मध्ये वेगळं काढण्यात आलं. शास्त्रज्ञांनी उंदरात त्याची एक प्रत मोडली; उंदरिणींना तशा गाठी येईनात. दोन्ही प्रती मोडल्या, तर पिल्लं गर्भातच मेली. शेवटी १९९९ मध्ये फक्त स्तनग्रंथीत ते जनुक बंद पडेल अशी युक्ती केली, तेव्हा कुठे उशिरा का होईना गाठी दिसल्या. स्त्रीत जे एका दोषाने घडतं, ते उंदरात घडवायला इतकी खटपट लागली. ज्या चुकीने मी बहिणीच्या बाळाचं दूध तोडलं, ती हीच: उंदरात दिसलं ते माणसाला जसंच्या तसं लावायचं.

आणि उंदरांचं काय? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या संस्थांना नोंदणी आणि नैतिक समितीची परवानगी सक्तीची केली. पर्याय असेल तिथे प्राणी वापरू नयेत, वापरलेच तर कमीत कमी, आणि त्यांना यातना कमीत कमी, हे तत्त्व जगभर मानलं जातं. बहिणीच्या एकेका इंजेक्शनामागे किती उंदीर गेले असतील, हे मी मोजू शकत नाही. ते गेले हे विसरू नये, एवढंच माझ्या हाती आहे.

०००

परळची ती संस्था २००२ मध्ये खारघरला गेली. आम्ही ठाणे जिल्ह्यातली माणसं. रणदिवेबाईंची दुसरी खूण आमच्याच जिल्ह्यात, वाशीला आहे. १९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. शिकलेल्या मुली लग्नानंतर प्रयोगशाळेतून घरी बसतात, कारण मूल कुठे ठेवायचं आणि नोकरीच्या गावी राहायचं कुठे, या साध्या अडचणी कुणी सोडवत नाही, हे बाईंना दिसत होतं. वाशीला या संघटनेचं नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांचं पाळणाघर आहे. उंदरांच्या पिंजऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी शेवटी बायकांच्या संसाराचाही हिशेब मांडला.

निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात काम करत. सत्यनिकेतन या संस्थेच्या सहकार्याने आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. गावातल्या बायकांना आरोग्याचं, आहाराचं शिक्षण दिलं. पद्मभूषण मिळालेल्या, उंदरांवर शेकडो निबंध लिहिलेल्या बाई गावातल्या बायकांमध्ये जाऊन काम करत, हे मी वाचलं तेव्हा बारशाची ती दुपार मला पुन्हा आठवली. माझ्या हातीही माहिती होती. ती मी बहिणीला देण्याऐवजी तिच्यावर बजावली होती.

भाचीने मागच्या वर्षी विचारलं, मी जनुकाची तपासणी करून घेऊ का? आजी, मग आई. आता तिचं वय चाळिशीचं, पदरात एक मुलगी. स्तनाच्या कॅन्सरपैकी पाच ते दहा टक्केच थेट आनुवंशिक असतात, दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येऊ शकतो, आणि तपासणी आधी आजार झालेल्या आईची करणं अधिक उपयोगी ठरतं, एवढं मी तिला सांगितलं. निर्णय मात्र सांगितला नाही. तू आणि तुझी आई दोघी जाऊन समुपदेशकाशी बोला, मी हवं तर फक्त सोबत येते, असं म्हटलं.

त्याआधी एक काम उरलं होतं. एका दुपारी मी बहिणीकडे गेले आणि १९८४ चं सगळं तिला सांगितलं. मासिक, उंदीर, माझी अर्धवट समजूत, आणि लॅन्सेटमधला तो आकडा. चाळीस वर्षं मी याला भीत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. दुधाचं तिला आता फारसं वाटत नाही, असं ती म्हणाली; तेव्हा सगळेच काही ना काही चुकीचं सांगायचे. तिला राहून राहून लागलेली गोष्ट दुसरीच होती. मी ते तिला एकटीला, आतल्या खोलीत का सांगितलं नाही? सासूबाईंसमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितल्यावर तिला नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. बाळ तिचं होतं, अंग तिचं होतं, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या दोघींची समुपदेशकाकडे वेळ ठरली होती. डोंबिवलीहून आम्ही तिघी निघालो. गाडी मुंब्र्याला आली तेव्हा बहिणीने आईसारखेच डोंगराकडे पाहून हात जोडले. समोरच्या बाईने सहज विचारलं, कुठे निघालात? भाचीने मोकळ्या आवाजात सांगितलं, कॅन्सरची जनुकं तपासायची का, ते विचारायला. ती बाई सरकून बसली आणि तिने भाचीला जवळची जागा दिली. तिच्या बहिणीचंही तसंच होतं म्हणे. मग ठाणं येईपर्यंत दोघी बोलत राहिल्या.